शिक्षणाचा रकाना

गेल्या वर्षी आमच्या घरी एक फॉर्म आला. आपल्या भागातल्या कलाकारांची नोंद करायची म्हणून एका संस्थेने तो काढला होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, कलाप्रकार इथपर्यंत सगळं सोपं होतं. पप्पांनी 'कलाप्रकार'समोर 'बोर्ड पेंटिंग' असं लिहिलं. साध्या बॉलपेनने लिहिलेलं असूनही ते छापल्यासारखं दिसत होतं. पुढचा रकाना होता : 'कलाशिक्षण – संस्था, अभ्यासक्रम, वर्ष.' तिथे पेन थांबलं. पप्पांनी फॉर्मची घडी घातली, सायबिणीच्या फ्रेममागे ठेवली आणि मला म्हणाले, "हांव पेंटर गो बाय, आर्टिस्ट न्हय."

महिनाभर फॉर्म तिथेच होता. शेवटी मीच तो उरलेला भरला, तो एक रकाना तेवढा रिकामा ठेवला आणि नेऊन दिला. काउंटरवरच्या माणसाने वर-खाली बघून तो परत सरकवला. "हा रकाना भरल्याशिवाय घेता येत नाही. कुठेच शिकलेले नाहीत का ते?" मी म्हटलं, "नाही." आणि बाहेर आले.

हा लेख त्या 'नाही'बद्दल आहे. कारण ते मी खोटं बोलले होते, आणि वाईट हे की ते खोटं आहे हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

आधी पप्पा काय करतात ते सांगते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. होड्या काठाला लागतात आणि पावसाच्या उघडिपीत त्यांची डागडुजी आणि रंगकाम चालतं. दुकानांचे बोर्ड आता फ्लेक्सवाल्यांकडे गेले. एका रात्रीत छापून मिळतो, त्यावर मालकाचा फोटोही येतो. त्यामुळे पप्पांचं वर्षातलं मोठं काम म्हणजे हे दोन महिने. होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागावर, दोन्ही बाजूंना होडीचं नाव घालायचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण होडीचं अंग सपाट नसतं. कागदावर सरळ असलेलं अक्षर तिथे जसंच्या तसं काढलं की लांबून ते कललेलं दिसतं, नाळीकडची अक्षरं आकसल्यासारखी होतात आणि ओळ मध्येच खाली बसते. म्हणून पप्पा काही अक्षरं मुद्दाम वाकडी काढतात. पुढची थोडी रुंद, मागची थोडी चेपलेली, ओळ किंचित चढती. जवळून बघितलं तर वाटेल, ह्या माणसाचा हात चुकला. मग ते ब्रश ठेवून जेटीच्या टोकापर्यंत चालत जातात, डोळे बारीक करून बघतात, परत येतात आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने एक अख्खं अक्षर पुसून टाकतात. होडीचा मालक म्हणतो, बरं दिसतंय की. त्यावर पप्पांचं ठरलेलं उत्तर : "हांगासून बरें दिसता. दर्यांतल्यान ना." इथून बरं दिसतं, समुद्रातून नाही.

पुसलेल्या अक्षराचे पैसे मिळत नाहीत. माझ्या लहानपणी मम्मीची आणि त्यांची भांडणं ह्याच अक्षरांवरून व्हायची.

आता शिक्षणाकडे येते. आठवीत शाळा सुटल्यावर पप्पा म्हापशाच्या बाजारात एका म्हाताऱ्या पेंटरकडे राहिले. पहिलं दीड वर्ष त्यांनी ब्रश फक्त धुतला. जुने बोर्ड सँडपेपरने घासायचे, प्रायमर मारायचा, खडूची दोरी ताणून धरायची. पुढे अक्षरांच्या आतला रंग भरायला मिळाला, पण कडा म्हातारा स्वतः काढायचा. तिसऱ्या वर्षी पहिलं स्वतंत्र काम मिळालं. मजकूर होता : 'येथे कचरा टाकू नये.' म्हाताऱ्याने तो बोर्ड दोनदा पुसायला लावला, कारण 'कचरा'मधला 'क' आणि 'टाकू'मधला 'क' दोन वेगळ्या घरचे दिसत होते. देवनागरी आणि रोमी दोन्ही लिपी ते असेच शिकले. शिरोरेषा शेवटी आणि एका श्वासात ओढायची, हेही तिथलंच.

हिशेब केला तर तीन वर्षं होतात. माझ्या बी.ए.लाही तीनच लागतात. फरक एवढाच की मला शेवटी एक कागद मिळेल, आणि माझं लिहिलेलं वाक्य चुकलं म्हणून आजवर कोणीही मला ते दोनदा पुसायला लावलेलं नाही.

म्हणजे पप्पांकडे पदवी नाही, हे खरं. पण शिक्षण नाही, हे खोटं. ह्या दोन गोष्टी आपण इतक्या सहज एक करून टाकतो की फॉर्मवर त्यांना मिळून एकच रकाना असतो.

इथे माझी स्वतःची एक चूक कबूल करते. पहिल्या वर्षाला वर्गात ओळख करून देताना घरी कोण काय करतं हे सांगायचं होतं. मी सांगितलं, "पप्पांचा ॲडव्हर्टायझिंगचा बिझनेस आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. बोर्डवाला म्हटलं असतं तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण मी नाही म्हटलं. पुढे एम. एफ. हुसेन यांनी सुरुवातीच्या दिवसांत मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती, हे वाचल्यावर मला एकदम बरं वाटलं. जणू पप्पांना मोठ्या घराण्यातला नातेवाईक सापडला. घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं. पप्पा म्हणाले, बरं झालं त्याचं, मला शनिवारपर्यंत दोन होड्या द्यायच्यात.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी पप्पांच्या कामाकडे बघतच नव्हते. त्यांना कोणाच्या तरी शेजारी उभं केल्याशिवाय ते मला मोठे वाटत नव्हते. आणि हीच सवय मी साहित्याच्या पेपरातही जपली होती.

दुसऱ्या वर्षी बहिणाबाई चौधरींवर उत्तर लिहिताना माझं पहिलंच वाक्य 'निरक्षर असूनही' असं सुरू झालं होतं. मार्क चांगले मिळाले. तुमच्यापैकीही बहुतेकांनी असंच लिहिलं असणार. 'शाळेत गेल्या नसूनही', 'कोणतेही संस्कार नसूनही'. हा 'नसूनही' मोठा लबाड शब्द आहे. वरून कौतुक करतो आणि आतून सांगतो की खरं तर तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. शिवाय तो आपल्याला पुढचा प्रश्न विचारू देत नाही : शाळा नव्हती, मग काय होतं?

काय नव्हतं? बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. लहान वयात लग्न, ऐन तारुण्यात वैधव्य, आणि त्यानंतर आयुष्यभर शेत आणि घर. आपल्या मराठी मुलखात पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या कानावर ओवीची लय किती वर्षं पडत असेल? जात्याच्या फेऱ्याबरोबर शब्द बसला पाहिजे, नाहीतर हाताची लय तुटते. चुकलेली मात्रा तिथे लाल शाईने दाखवावी लागत नाही, खांद्यालाच कळते. शेतीच्या कामांची नावं, पिकांच्या अवस्था, माणसांचे स्वभाव, खानदेशी बोलीतल्या म्हणी हा तिचा शब्दकोश. ही शाळा नव्हती असं कसं म्हणायचं? फक्त हजेरीपट नव्हता.

त्या शाळेत हजारो बायका होत्या, मग बहिणाबाई एकच का, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की लय सगळ्यांना मिळाली होती, पण बहिणाबाई मिळालेल्या ओव्यांवर थांबल्या नाहीत. त्यांनी त्या घाटात स्वतःला पडलेले प्रश्न घातले. मन असं का वागतं, संसार कशाला म्हणायचं, राबणाऱ्याला देव कुठे भेटतो. हे प्रश्न त्यांना कोणी विचारायला सांगितले नव्हते. दळण त्यांच्याशिवायही झालंच असतं.

आणि अजून एक गोष्ट आपण घाईत ओलांडतो. ही गाणी आपल्यापर्यंत आली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते म्हणून. गाणी टिपून ठेवली गेली म्हणून. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. पुढे २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावाने आता पदव्या मिळतात. पण ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते त्यांच्या ओव्यांचं काय झालं? त्या वाईट होत्या म्हणून गेल्या नाहीत. लिहून घेणारं कोणी नव्हतं म्हणून गेल्या.

अण्णाभाऊ साठ्यांबद्दलही आपण 'दीड दिवसाची शाळा' एवढंच पाठ करतो. त्यापुढचं सांगायला हवं. तमाशाच्या फडाने त्यांना संवाद शिकवला, मुंबईच्या गिरणगावाने माणसं दाखवली, आणि १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाने हजारोंच्या गर्दीसमोर शब्द तपासून घ्यायची सवय लावली. समोरचा कामगार कंटाळला तर तो उठून जातो. ही परीक्षा आमच्या सेमिस्टरपेक्षा सोपी होती असं मला वाटत नाही. 'फकिरा' दीड दिवसातून निघालेली नाही, ह्या सगळ्या वर्षांतून निघालेली आहे.

आता आपल्या गोव्याचं उदाहरण घेऊ, म्हणजे हे फक्त गरिबांच्या आणि शाळा न मिळालेल्यांच्या बाबतीत आहे असं वाटणार नाही. मारियो मिरांडा लोटलीच्या मोठ्या घरातले. शिक्षणाची काही कमी नव्हती. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास घेऊन पदवी केली, काही काळ आर्किटेक्चरच्या वर्गात बसले आणि तो नाद सोडला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण मात्र घेतलं नाही. लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायला लागल्यावर आईने हातात कोरी वही दिली, ही गोष्ट गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वहीचं पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. मारियो डायरी लिहायच्या ऐवजी काढायला लागले. १९४९, १९५० आणि १९५१ ह्या वर्षांच्या त्यांच्या डायऱ्या आता पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. कुठे मिळाल्या तर जरूर बघा. गावातलं लग्न, पाद्री, बसमधली गर्दी, आळसावलेली दुपार, मित्रांबरोबरची पार्टी, स्वतःचं रिकामटेकडेपण. वर्तमानपत्रांत नाव होण्याआधी हा मुलगा वहीत काढतच होता. कोणी छापणार नव्हतं, कोणी मार्क देणार नव्हतं.

कुलाब्याच्या कॅफे माँडेगरच्या भिंतींवरची ती गर्दी आपण बघतो तेव्हा म्हणतो, वा, काय उपजत हात आहे! उपजत? मला तर त्यात वह्याच्या वह्या दिसतात.

ह्यात एक गंमत आहे. आम्ही कॅथलिक मुलं 'गॉड्स गिफ्ट' हा शब्द फार वापरतो. कोणी चर्चमध्ये चांगलं गायलं की गिफ्ट, कोणी चांगला गोठा केला की गिफ्ट. पप्पांनाही लोक म्हणतात, देवाने तुझ्या हातात काय दिलंय! पण ज्या दृष्टांतातून 'टॅलेंट' ह्या शब्दाला आजचा अर्थ मिळाला, त्यात टॅलेंट म्हणजे पैसे होते, आणि धन्याने कौतुक केलं ते पैसे मिळाले म्हणून नाही. मिळालेल्याचं पुढे काय केलं ह्यावर केलं. ज्याने खड्डा खणून ते पुरून ठेवले त्यालाही देणगी मिळालीच होती. देवाची देणगी म्हणण्यात आपली भक्ती असेल, पण त्याचा एक सोयीस्कर परिणामही होतो. देवाने फुकट दिलेल्या गोष्टीचे पैसे कशाला द्यायचे? पप्पांच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. "तुला काय, तुझा हातच तसा आहे, दहा मिनिटांत होईल" असं म्हणत माणसं भाव पाडतात. दहा मिनिटांमागची पस्तीस वर्षं बिलात धरत नाहीत.

रीतसर म्हणजे काय, हाही प्रश्न इथेच विचारायला हवा. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या पारोकियाल शाळा होत्या. तिथला मेस्त्र मुलांना सोल्फेज शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा आणि सूर चुकला तर गय करायचा नाही. त्या मुलांपैकी कित्येकजण पुढे मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचं नाव एका गाण्यातून घराघरांत पोचलं. चर्चच्या मेस्त्राच्या हाताखाली शिकलेल्या मुलांकडे कन्झर्व्हेटरीचं सर्टिफिकेट कुठून असणार? मग त्यांना अशिक्षित म्हणायचं का? नोटेशन वाचता येत होतं म्हणूनच त्यांना काम मिळत होतं. म्हणजे शिक्षण होतं, चांगलं कडक होतं, पण फॉर्मवर लिहायला संस्थेचं नाव नव्हतं.

इथवर वाचून कोणाला वाटेल की ही मुलगी कला महाविद्यालयांच्या विरुद्ध आहे. अजिबात नाही. मुंबईचं जे. जे. १८५७ पासून आहे, आपलं गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून. तिथून काय निघालं ते जगाने बघितलंय. आणि शिक्षणाची किंमत मला आमच्या अंगणातच कळली. चॅपेलच्या गोठ्यामागचा पडदा पप्पा दरवर्षी रंगवतात. बेथलेहेमकडे जाणारा रस्ता, डोंगर, खजुराची झाडं. बरीच वर्षं त्यांचा तो रस्ता आडवा न होता उभाच राहायचा, शिडीसारखा. मग कॅलेंडरवरची चित्रं बघून बघून, रेघा लावून, त्यांना त्याचं गमक सापडलं. पंधराएक वर्षं गेली त्यात. माझी एक मैत्रीण कला महाविद्यालयात शिकते. ती गेल्या डिसेंबरमध्ये आली आणि क्षितिजावरचा बिंदू आणि त्याला मिळणाऱ्या रेघा तिने दहा मिनिटांत कागदावर काढून दाखवल्या. पप्पा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हें म्हाका कोणेंच सांगूंक ना." हे मला कोणीच सांगितलं नाही.

त्यांच्या त्या वाक्यात तक्रार नव्हती, पण मला अजून बोचतं. शिक्षणसंस्था वेळ वाचवते. आधीच्यांनी शोधलेलं पुन्हा शोधावं लागत नाही. ज्यांना ती मिळत नाही त्यांची वर्षं जातात, आणि आपण त्या गेलेल्या वर्षांना 'स्वयंभू' म्हणून हार घालतो. न शिकण्याचा उदोउदो करणाऱ्यांनी एकदा त्या वर्षांची किंमत विचारावी.

त्याच दिवशी मैत्रिणीने पप्पांना विचारलं, हा 'ठ' कंपासशिवाय इतका गोल कसा काढता? पप्पांनी दाखवलं. मनगट टेकवायचं नाही, खांद्यातून फिरवायचं आणि श्वास सोडताना ब्रश उचलायचा. तिने सात-आठ वेळा केलं, जमलं नाही. दोघंही हसले. मला वाटतं, ह्या विषयावरचा सगळ्यात चांगला परिसंवाद तोच होता.

मग कलाकार कोणाला म्हणायचं? सगळ्यांनाच म्हणून मोकळं व्हायचं का? तसंही नको. 'प्रत्येकात एक कलाकार दडलेला असतो' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते खऱ्या कलाकाराचा हक्क काढून घेतं. आमच्या ओळखीचे एक अंकल वीस वर्षं कीबोर्ड वाजवतात. तेच तीन कॉर्ड, तीच गाणी. त्यांना मजा येते, आम्हालाही येते. त्यांना हौशी म्हणावं. हौशी हा काही कमी प्रतीचा शब्द नाही, हौस नसती तर गावातले अर्धे कार्यक्रम बंद पडले असते. पण तो शब्द वेगळा आहे.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. गिऱ्हाईकाचं समाधान झाल्यानंतरही ज्याचं स्वतःचं होत नाही, तो कलाकार. मात्र नुसती हुरहूर पुरत नाही. काय चुकलंय हे कळण्याइतकी नजर हवी आणि ते दुरुस्त करण्याइतका हात हवा, आणि हे दोन्ही सरावाशिवाय येत नाहीत, मग तो सराव वर्गात होवो, जात्यावर होवो की जेटीवर. मालकाला बरं दिसणारं अक्षर समुद्रातून वाकडं दिसेल म्हणून पुसणारा माणूस ह्या व्याख्येत बसतो. आर्ट कॉलेजचं सर्टिफिकेट घेऊन आयुष्यभर तेच गणपती, तेच सूर्यास्त काढणारा कदाचित बसणार नाही. आणि पदवी घेऊनही रोज स्वतःचं काम पुसणारा अर्थातच बसतो. पदवीने इकडेही काही ठरत नाही आणि तिकडेही नाही.

ह्या व्याख्येने बघायला लागलं की ज्यांना आपण कधी मोजलंच नाही अशी माणसं दिसायला लागतात. वारली चित्रकलेचं उदाहरण घ्या. लग्नाचा चौक लिहिण्याचं काम पूर्वापार बायकांचं. जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, रोजचं जगणं त्यात घातलं, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण निर्विवाद. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं आपल्याकडे नाहीत. आणि इतकं लांब कशाला जायचं? आमच्याकडे लग्नाआधी रोसच्या वेळी झोती म्हणणाऱ्या बायका असतात. नारळाचा रस लावता लावता नवरीचं नाव, तिच्या आजीचं नाव, गेलेल्या माणसांची आठवण सगळं चालीत गुंफून उभ्या उभ्या कडवं रचतात. माझी एक मावशी त्यात पटाईत आहे. तिला कोणी कवयित्री म्हटलं तर ती लाजून आत निघून जाईल. मी साहित्याची विद्यार्थिनी, पण आजवर तिचं एकही कडवं लिहून ठेवलेलं नाही. बहिणाबाईंवर मात्र चार पानांचं उत्तर लिहिलंय.

म्हणून आपल्या मराठी साहित्य मंडळाला माझी एक विनंती आहे. दर अंकात एक पान ठेवूया. आपल्या घरातल्या, वाड्यावरच्या अशा एका माणसाचं काम, त्याच्या नावासकट आणि शिक्षणासकट. शिक्षण म्हणजे कोणाचे बोर्ड घासले, कोणाच्या मागे बसून ऐकलं, किती वेळा पुसलं. त्यांना 'दुर्लक्षित', 'उपेक्षित' म्हणून गळा काढायचा नाही आणि 'नसूनही' हा शब्द वापरायचा नाही. आणि दर नाताळात कॉलेजच्या गोठा स्पर्धेत जो पडदा एखाद्या पालकाकडून रंगवून आणतो, त्याखाली त्या पालकाचं नाव घालूया. आजवर बक्षीस वर्गाच्या नावाने जात आलंय. मीही ते दोनदा स्टेजवर जाऊन घेतलंय.

मीही एक सुरुवात केली आहे. होडीवरचं नाव खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने एका मोसमात फिकं पडतं, पुढच्या जुलैत नव्याने घालावं लागतं. म्हणजे पप्पांचं जवळजवळ सगळं काम पुसलं गेलेलं आहे. यंदा मी मोबाईल घेऊन जेटीच्या टोकाला उभी राहिले आणि बावीस होड्यांचे फोटो काढले. लांबून, पाण्यावरून, जिथून ते दिसायला हवेत तिथून.

फॉर्मचंही सांगते. तो मी पुन्हा आणला. शिक्षणाच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं : 'म्हापसा बाजारात एका पेंटरकडे उमेदवारी, ३ वर्षे. त्यातील जुने बोर्ड घासणे व प्रायमर मारणे, २ वर्षे. त्यानंतर स्वतंत्र काम, ३५ वर्षे.' पप्पांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, पुन्हा म्हणणार, आर्टिस्ट न्हय. पण ते पेन मागून घेऊन म्हणाले, घासायचं काम दोन वर्षं नव्हतं, दीड. आणि त्यांनी '२'वर एक सरळ रेघ मारून शेजारी नीट अक्षरात 'दीड' लिहिलं.

बाकी कशालाही त्यांनी हरकत घेतली नाही. फॉर्म ह्या वेळी काउंटरवर ठेवून घेतलाय. उत्तर अजून यायचंय.